क्रीटचं मडकं

१३ सप्टेंबर, शनिवार

आज काय झालं ते आधी क्रमाने.

१. फिनिक्सहून विमान वेळेवर निघालं. फिलाडेल्फियाहून पुढे बसने स्टेट कॉलेज या गावी पोचले.
२. एक बॅग आली. दुसरी उद्या घरपोच येईल असं विमान कंपनी म्हणते.
३. बसथांब्यावर लताकाकू स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. हातात पुठ्ठ्याची पाटी होती, तिच्यावर मराठीत माझं नाव. थांब्यावर आम्ही दोघीच होतो.
४. मला वरची खोली मिळाली. खिडकीसमोर मेपलचं झाड आहे, एका बाजूने लाल व्हायला लागलेलं.
५. जेवायला पिठलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. मी दोनदा घेतलं.

एवढंच झालं. तरी बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय. फिनिक्सजवळ चँडलरला तीन वर्षं राहिले, तिथे सप्टेंबरातही दुपारी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नसे. इथे संध्याकाळी स्वेटर लागला. ही जागा सीमाताईने सुचवली. चँडलरच्या कंपनीत ती माझी सीनियर होती आणि लताकाकू तिची आई. आई एकटी असते आणि तू फार बोलत नाहीस, म्हणजे तुमचं जमेल, असं ती म्हणाली होती.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काम आवडलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला सीटी स्कॅनर मला सांभाळायचा आहे. यंत्र दवाखान्यातल्यासारखंच, पण इथले पेशंट तक्रार करत नाहीत: बॅटऱ्या, काँक्रीटचे तुकडे, धातूचे सुटे भाग. वस्तू न फोडता आत काय आहे ते बघायचं.

लताकाकू मूळच्या यवतमाळच्या. पन्नास वर्षांपूर्वी इथे आल्या. त्यांचे यजमान हेमचंद्रकाका इथेच सिरॅमिक्स शिकवायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन कृत्रिम सांधे बसवले. त्यांना खाली बसता येत नाही. म्हणून देव स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलेत. आमचे देव आता उभ्याने स्वयंपाक बघतात आणि मीठ जास्त पडलं की तोंड वाकडं करतात, असं त्या म्हणतात.

बैठकीत फडताळावर एक मडकं आहे. वीतभर उंच, तीन छोटे कान, अंगावर लाटांसारख्या तपकिरी रेघा. काकांनी क्रीट बेटावरून आणलं. मिनोअन मडक्याची नक्कल म्हणून घेतलंय, अस्सल निघालं तर मला अटक होईल, असं ते हसत सांगायचे. काकूंनी मला अगदी साळसूदपणे विचारलं की तुझ्या त्या यंत्रात हे बसेल का गं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बसलं. नव्या माणसाने सरावासाठी काहीही स्कॅन करावं असं साहेबच म्हणाले होते.

मडकं मातीच्या वळ्या एकावर एक रचून केलेलं आहे. भिंतीत बोटं दाबल्याच्या खुणा आहेत. बोटं लहान, बाईची किंवा मुलाची. विशेष तळाशी आहे. तळाला एक छोटी बिनकानाची वाटी उपडी घालून कडेने ओल्या मातीने लिंपून टाकली आहे. वरून बघितलं तर तळ थोडा फुगीर वाटतो, इतकंच. वाटीखाली एक हलका, सच्छिद्र खडा आहे. आणखी काही नाही. उरलेली जागा पोकळ.

लॅबच्या खालच्या मजल्यावर मिहीर बसतो. डोंबिवलीचा, पुरातत्त्वात पीएचडी करतोय आणि त्याचा विषयच क्रीट आहे. चित्रं पाहिल्यावर तो चहा विसरला. नक्कल करणारा माणूस दिसणाऱ्या भागाची नक्कल करतो, लपलेल्या भागाची कशाला करेल, असं त्याचं म्हणणं. मग तासभर बोलत राहिला. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी या लोकांकडे अनेक मजली राजवाडे होते, सांडपाण्याच्या नळ्या होत्या, भिंतींवर बैलावरून कोलांट्या मारणारी पोरं रंगवलेली होती. लिपी होती, ती आजवर कोणाला वाचता आलेली नाही. ते स्वतःला काय म्हणायचे हे माहीत नाही. 'मिनोअन' हे नाव शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी संशोधकांनी ग्रीक दंतकथेतल्या राजावरून दिलं. पर्यटक ज्या राजवाड्याचे फोटो काढतात त्याचा बराच भाग गेल्या शतकातल्या काँक्रीटचा आहे. यार, भिंती उसन्या आणि नावही उसनं, असं तो म्हणाला.

अशा उपड्या वाट्या तिकडे रांगेने मांडलेल्या सापडतात. काहींखाली ज्वालामुखीचा खडा असतो, टाचा घासायचा असतो तसला. उत्तरेकडच्या बेटावर मोठा स्फोट झाला होता, तिकडूनच हे खडे येत. वाटीखाली ठेवलेलं म्हणजे नैवेद्य, असं बहुतेक जण मानतात. मिहीर मात्र म्हणाला की नैवेद्य दाखवतात, असा लिंपून कोण ठेवतो? लिंपतात ते बाहेर येऊ नये म्हणून.

काकूंना मी फक्त एवढंच सांगितलं की मडकं जुनं असू शकतं आणि आत एक वाटी आहे. त्यांनी काकांच्या फोटोकडे बघून, आता तुम्हाला कोण अटक करणार, असं विचारलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. घटासाठी काकूंनी न्यू जर्सीहून, आयसेलिनच्या दुकानातून मातीचं मडकं मागवलं होतं. सकाळी पार्सल उघडलं तर आत खापऱ्या. तांब्याचा कलश चालेल असं मी सुचवलं. माझ्या सासरी घट मातीचाच असतो, असं म्हणत त्यांनी फडताळावरून काकांचं मडकं काढलं. त्या निदान अर्धा दिवस विचारात घालवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी अर्धं मिनिटसुद्धा घेतलं नाही.

मी नको म्हणू शकले असते. अस्सल असेल तर पाणी भरणं योग्य नाही, हे म्हणालेही. त्यांचं उत्तर, मडकं पाण्यासाठीच केलेलं असतं.

टोपलीत काळी माती, त्यात गहू, ज्वारी, मूग पेरले. वर घट, घटात पाणी, सुपारी, नाणं, विड्याची पानं, वर नारळ. शेजारी अखंड दिवा. काकूंनी स्टुलावर बसून माहूरच्या रेणुकेला हाक मारली की या घटात ये आणि दसऱ्यापर्यंत राहा. आरतीला माझ्या फोनवरचं संगीत होतं. नियम मला सांगितले: दसऱ्याला घट उठेपर्यंत तो हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही, घर रिकामं ठेवायचं नाही. घट उठवायचा तो बसवणाऱ्याने, किंवा तिच्या पोटच्या माणसाने. परक्याचा हात लागू द्यायचा नाही.

मिहीरला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं की नाव तुमच्या देवीचं, पण पत्ता त्यांचा. कुरिअरवाला पत्ता बघतो.

मला हसू आलं. हे लिहून ठेवते, कारण नंतर कोणी विचारलं तर मी हसले होते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

धान्य उगवलं. कोंब सहसा खिडकीच्या उजेडाकडे वळतात. हे सगळे आतल्या बाजूला, मडक्याकडे झुकलेत. कंगवा फिरवल्यासारखे.

काकू खुशीत आहेत. सकाळी मी खाली आले तेव्हा त्या घटासमोर जमिनीवर उकिडव्या बसल्या होत्या. टेकू न घेता उठल्या. दुखत नाही म्हणाल्या. रेणुकेने गुडघे दिले गं, आणि डॉक्टरने घेतलेले पैसे मात्र परत दिले नाहीत.

कृत्रिम सांधा किती वाकतो याला मर्यादा असते. काकूंचा ऑपरेशननंतरचा एक्स-रे फ्रिजवर चिकटवलेला आहे, तो मी नीट पाहिला. उकिडवं बसायला जेवढं वाकावं लागतं तेवढा हा सांधा वाकत नाही. यात मत असण्यासारखं काही नाही. तो धातू आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुपारी भोंडला झाला. आसपासच्या बायका आल्या. पाटावर खडूने हत्ती काढला आणि आम्ही त्याच्याभोवती फेर धरला. गाणी कोणालाच पूर्ण येत नव्हती, तरी आवाज पूर्ण होता. रत्नाकाकू म्हणून एक हसऱ्या बाई आहेत, त्यांना लताकाकू जमिनीवर बसलेल्या दिसल्या आणि त्या किंचाळल्याच. अगं लता, तुझ्या सर्जनचा नंबर दे, आमच्या ह्यांना पाठवते, ते सोफ्यावरून उठतच नाहीत! सगळ्या हसल्या. एकीने व्हिडिओ काढून चँडलरला सीमाताईला पाठवला. तिचं उत्तर आलं ते म्हणजे टाळ्या वाजवणारे नुसते हात.

खिरापत ओळखायच्या वेळी काकू खेळल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून बसून होत्या, गुडघे छातीशी, हनुवटी गुडघ्यांवर, हातांची मिठी. लहान मुलीसारख्या दिसतात, असं कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

मिहीर प्रसादाला आला होता. तोही हसत होता, मग थांबला. मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. त्या बेटावरचे लोक आपले मृत मातीच्या पेट्यांत ठेवत, काही पेट्या थेट आंघोळीच्या टबासारख्या. पेटी आखूड असते म्हणून माणूस घडी घालून बसवायचा. गुडघे छातीशी. मी विचारलं की मेल्यावर ना? हो, मेल्यावरच, असं तो म्हणाला. पण म्हणताना तो आत, भिंतीशी बसलेल्या काकूंकडे बघत होता.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी स्वयंपाकघराच्या जमिनीवर स्टीलच्या वाट्या उपड्या मांडलेल्या होत्या. ओट्यापासून बैठकीतल्या घटापर्यंत सरळ रांग. काकूंना विचारलं. त्यांनी मांडल्या नाहीत म्हणाल्या. मग म्हणाल्या, मांडल्या असतील. मग विचारलं की तू तर मांडल्या नाहीस ना.

मी एक वाटी उचलली. खाली भात, थोडी हळद. दुसरीखाली तेच. घटाच्या जवळच्या शेवटच्या वाटीखाली काहीच नव्हतं, आणि ती उचलू नकोस असं काकू जोरात म्हणाल्या. मी त्यांना आवाज चढवताना पहिल्यांदाच ऐकलं.

दुपारी त्या कुठे दिसेनात. बाथरूममध्ये सापडल्या. कोरड्या टबात. साडी नीट आवरून, घडी घालून बसलेल्या.

इथे बरं वाटतं म्हणाल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

लॅबला गेले नाही. काकूंना दवाखान्यात न्यायचं ठरवलं. घट बसलेला असताना घराबाहेर पडणार नाही म्हणाल्या. मग मी ९११ ला फोन केला. अँब्युलन्समधून दोन माणसं आली. तेवढ्यात काकू टबातून उठल्या, खुर्चीवर पाय सोडून बसल्या, छान इंग्रजीत तारीख सांगितली, त्यांना कॉफी विचारली. रक्तदाब उत्तम. जाताना त्यांतला एकजण मला म्हणाला की घरात म्हातारं माणूस असलं की ताण येतोच, तुम्ही झोपा जरा.

गाडी वळणाआड गेली आणि काकू परत टबाकडे चालू लागल्या. अर्ध्या वाटेपासून उकिडव्यानेच.

सीमाताईला फोन केला. आई खाली बसते यात काळजी कसली, असं ती म्हणाली. ती मीटिंगमध्ये होती. टबाचं सांगितलं. तिने विचारलं, सुचित्रा, तू ठीक आहेस ना? मी शांतपणेच बोलत होते. माझा आवाज असाच आहे. तोच नडला.

मिहीर म्हणतो घट आत्ताच उचल, नियम गेले चुलीत. मी घटापर्यंत गेले. काकू बाथरूममधूनच ओरडल्या की तुझा हात लागला तर मी तुटेन. मला आत दिसत नव्हतं. त्यांना मी दिसणं शक्य नव्हतं.

म्हणून फक्त नारळ उचलला, घटाला न शिवता. टॉर्चने आत पाहिलं.

पाणी नाही. एक थेंब नाही. मडकं कोरडं. तळाची वाटी — जी लिंपलेली होती, जिचं चित्र माझ्या संगणकावर आहे — ती सुलटी आहे. रिकामी आहे. लिंपणाची माती कडेने अखंड आहे, कुठे तडा नाही.

नारळ परत ठेवला. दिव्यात तेल घातलं. का घातलं माहीत नाही. विझला तर काय होईल हे मला माहीत नाही आणि विझला नाही तर काय होईल हेही.

३० सप्टेंबर, मंगळवार

काकू आणखी लहान झाल्यात. वजनाने नाही. घडी घट्ट झालीय. कपाळ गुडघ्यांच्या मधे गेलंय. मी त्यांचा पाय सरळ करायचा प्रयत्न केला. ताठरलेला नाही, सहज येतो, आणि सोडला की परत जातो. दुखत नाही म्हणतात. पेज भरवली. तीन चमचे.

दुपारी मला प्रेमाने म्हणाल्या, वर झाकण ठेव गं, उघडं राहू नये काही. दुधावर ठेवायला सांगतात तशा.

मी ठेवलं नाही.

मग म्हणाल्या, गुरुवारी घट उठला की आम्ही निघणार.

आम्ही कोण, विचारलं. नाव आठवत नव्हतं त्यांना. फार वेळ आठवत होत्या. मग ओठ हलले आणि — तो शब्द मला लिहिता येत नाही. आपल्या अक्षरांत नाही तो.

मिहीरला फोन केला. घट उठवताना आपण देवतेला नाव घेऊन निरोप देतो. नाव माहीत नाही त्याला निरोप कसा द्यायचा, असं मी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नाही. चार हजार वर्षं कोणी वाचलेलं नाही. मी येतो म्हणाला. गाडी दारापर्यंत आली, मी खिडकीतून पाहिली. तो उतरला, पायरीपर्यंत आला, आणि तिथेच उकिडवा बसला. बराच वेळ. मग धडपडत उठून पळाला. आता फोन उचलत नाही.

मी त्याला दोष देत नाही.

कोंब पिवळे झालेत. सगळे मडक्याला टेकलेत. काही आत जाताहेत, काठावरून.

१ ऑक्टोबर, बुधवार

मी जाऊ शकते. दार उघडं आहे. गाडीची किल्ली खिळ्याला आहे. पण घर रिकामं ठेवायचं नाही — नाही, त्यासाठी नाही. त्या एकट्या राहतील म्हणून.

सकाळी चहा जमिनीवर बसून प्यायले. लक्षात आलं तेव्हा संपला होता. वही गुडघ्यांवर ठेवून लिहितेय. सोयीचं आहे. पाय सोडायला सांगते पायांना, सोडतात, मग —

काकू आता बोलत नाहीत. श्वास आहे. मोजत नाही मी, फक्त ऐकते.

सीमाताईला पाठवायचं आधी इथे लिहून बघते. सरळ लिहायचं. तिला माझा आवाज पटत नाही, अक्षर पटेल.

सीमाताई,

तुझी आई जिवंत आहे. बाथरूममध्ये आहे. मी तिला एकटीला बाहेर काढू शकत नाही आणि बाहेरचं कोणी आलं की ती बरी दिसते. घट उद्या उठेल. तो काकूंनी उठवला तर त्या जातील. मी उठवायला नको, मी परकी आहे, आणि मला भीती वाटते की मी आता पूर्ण परकी उरलेली नाही. पोटचं माणूस तूच. तू येऊन तुझ्या हाताने घट उठव आणि आईला तिच्या नावाने हाक मार. तिचं नाव आपल्याला माहीत आहे. तेवढं एकच नाव माहीत आहे. त्याचं नाही, तर निदान तिचं —

फिनिक्सहून दुपारचं विमान आहे, मी पाहिलं. माझं म्हणणं खरं वाटत नसेल तरी ये. येऊन मला वेड्यात काढ.

येणार की नाही, एवढंच कळव. आज संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर मला फोन हातात धरता येईल की नाही ते — हात आता गुडघ्यांभोवती

सीमाताई, सहापर्यंत. हो किंवा नाही. आतून काकू हाक मारताहेत, आणि ते माझं नाव नाही, तरी मी ओ